चाचणीतला नवरदेव

अब्बांचा फोन आला तेव्हा सबिना जेवणाचा डबा उघडत होती.

"लगीन ठरलं आन् बापाला मेसेजवर कळवतीस व्हय गं?" बादशाहभाई अंथुर्ण्याहून बोलत होते. आवाजात राग कसला, आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. मेसेज त्यांनी वाचूनच दाखवला. सबिना आणि अमन यांच्या विवाहास सहकुटुंब यावे, शुक्रवार, बारामती. या लेकीनं चार स्थळं कारण न सांगता परत पाठवली होती. तिचं एकदाचं जमलं म्हणून त्यांनी निम्म्या गावाला पेढे वाटले होते, आणि आता तिच्या अम्मीला, नूरजहाँला, घेऊन ते निघालेच होते. सबिनानं तोंड उघडायच्या आत फोन बंद झाला.

तिच्या पायाखालची जमीनच सरकली.

त्याचं असं झालं. बारामतीजवळ जळोचीत, सबिनाच्या छोट्या ऑफिसात मंगल कार्यालयांसाठी सॉफ्टवेअर बनायचं. बुकिंग झालं की पाहुण्यांना निमंत्रणाचे मेसेज जायचे. गिऱ्हाइकाला देण्याआधी ते तपासायचं काम सबिनाचं आणि पलीकडच्या टेबलावरच्या अमनचं. तपासायला नंबर लागतात. मनानं नंबर टाकावा तर तो कुणाचा तरी खरा निघायचा आणि शिव्या खाव्या लागायच्या. म्हणून सगळ्यांनी आपापल्या नातेवाइकांचेच नंबर एका यादीत भरून ठेवले होते. तपासणीत मेसेज थोडेच खरे जातात! सगळा लुटुपुटूचा कारभार. वधू-वरांची नावं मात्र ज्यानं त्यानं आपापल्या मशीनवर मनाला येतील ती घालायची. सबिनानं वधू म्हणून स्वतःला घातलं आणि वर म्हणून अमनला. दीड वर्ष रोज तिचं लग्न लागत होतं आणि कुणाला पत्ता नव्हता. अमनला तर नव्हताच.

आज माशी कुठं शिंकली ते ऑफिसच्या मालकीण इंदिराताईंनी शोधून काढलं. दुसऱ्या एका कामासाठी सकाळी त्यांनीच सगळ्या मशीनवर मेसेज पाठवणारं प्लगिन, म्हणजे मूळ सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम, टाकलं होतं. आणि तपासणीच्या त्या टूलला एक वाईट खोड. मशीनवर जे प्लगिन दिसेल ते आपणहून चालू करायचं, कुणाला विचारायचं नाही. आगंतुक पाहुणा पंगतीत बसावा तसं ते आत शिरलं आणि खरेखुरे मेसेज सोडून मोकळं झालं. इंदिराताईंनी कपाळावर हात मारून घेतला.

सबिनानं चोरून अमनकडे पाहिलं. तो मान खाली घालून बसला होता, कान लालबुंद. भवानीनगरहून त्याच्या अम्मीचे तीन फोन येऊन गेले, त्यानं एकही उचलला नाही. संतापलाय, सबिनाला वाटलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नावं कॉम्प्युटरनंच निवडली असं सांगू, इंदिराताईंनी सुचवलं. पण गावभर पेढे वाटून आलेल्या बापाशी खोटं बोलायला तिचं मन धजेना.

तासाभरात अब्बा-अम्मी दारात हजर. बादशाहभाईंच्या अंगात इस्त्रीचा सदरा. त्यांनी आल्या आल्या अमनची पाठ थोपटली. पोरगा नुसता घामाघूम झाला. सबिना उभी राहिली.

"अब्बा, लग्न ठरलेलं नाही. ती नावं मी घातली होती, माझ्या मनानं. अमनला यातलं काही माहीत नाही, त्याला बोलू नका."

नूरजहाँ मटकन खुर्चीत बसल्या. बादशाहभाईंनी सावकाश चष्मा लावला आणि फोन पुढं धरला.

"घातलीस तर घातलीस. पन पोरी, येका मेसेजात आमाला कळत न्हाय व्हय? दोन-दोनदा कशापायी धाडलास?"

सबिनानं फोन पाहिला. खरंच, मेसेज दोन होते. तिनं तर सकाळपासून तपासणी एकदाच चालवली होती. इंदिराताईंनी लगेच मेसेजांची नोंद उघडली. दोन्ही मेसेजांत नवरा-नवरी तीच होती. पहिला मेसेज गेला होता सबिनाच्या मशीनवरून.

दुसरा चार मिनिटांनी, अमनच्या.