पदराचं टोपडं

मोहगावच्या इंदूबाईंच्या संत्र्याच्या बगिच्यात रत्नमाला पंधरा वर्षांपासून कामाला होती. शेळ्या चारायच्या, वांग्यांना पाणी द्यायचं, सगळं तीच पाहायची. थंडी सुरू झाली की इंदूबाई गावातल्या बायांना अंगणात बसवून सरकारी दवाखान्यातल्या बाळांसाठी टोपडी शिवून घेत. बौद्ध मोहल्ल्यातल्या या रत्नमालेची शिलाई सगळ्यांत सुबक असायची. "तुह्या हाताले तोड नाही वं," इंदूबाई दर वर्षी म्हणत.

यंदा इंदूबाईंना नातू झाला. रत्नमालेने स्वतःच्या लग्नातल्या पांढऱ्या साडीचा मऊ पदर कापला, आठ दिवस घरी शिवत बसली आणि बारशाच्या सकाळी टोपडं घेऊन आली.

"काकू, बाळाच्या डोक्यावर घालून पाहा नं."

इंदूबाईंनी टोपडं हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं.

"किती सुंदर शिवलं वं!" त्या मनापासून म्हणाल्या. रत्नमाला लाजली.

 

मग इंदूबाईंनी सुनेला हाक मारली, "प्रणाली, हे दवाखान्यात द्याच्या थैलीत ठेव."