उजवीकडची चौकट

दोन चौकटींच्या मधे एक आडवी रेघ होती, तांदळाच्या दाण्याएवढी. डावीकडे जन्मतारीख. उजवीकडची चौकट रिकामी ठेवली की पान जतन होत नव्हतं.

डोंगरावर इंटरनेट नव्हतं. म्हणून संगणकाच्या सरांनी वेबसाइटच्या सरावासाठी तयार साचे पेनड्राइव्हवर दिले होते: दुकानाचा, शाळेचा, लग्नाचा, श्रद्धांजलीचा. मजकूर मात्र खरा भरा, असं बजावलं होतं. अगुस्तिनाच्या वाट्याला शेवटचा साचा आला. तिने बाबांचा फोटो लावला, नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली. मग उजवीकडे एक तारीख टाकली. अठरा मे, गेल्या वर्षीची. पान जतन झालं.

उद्या सर सगळ्यांची पानं शहरातून इंटरनेटवर चढवणार होते.

"तिना, बाबांची कॉफी नेऊन ठेव," आई स्वयंपाकघरातून ओरडली. "की तेही तुझं यंत्रच करणार?"

दक्षिणेकडच्या खोलीच्या उंबऱ्यावर ती थांबली. "बाबा, आत येते." सकाळचा कप तसाच भरलेला होता. तिने तो उचलला, ताजा ठेवला. बाबा आजारी होते. डोंगरावरच्या रीतीप्रमाणे अंत्यविधी होईपर्यंत देह घरातच असे, आणि तोवर या घरात दुसरा शब्द चालत नसे. गेल्या महिन्यात काकांनी "असं किती दिवस, वहिनी?" एवढंच विचारलं, तर आईने दोन दिवस अन्नाला हात लावला नव्हता.

पान पुसायलाच हवं होतं. ती धावत परतली.

आई लॅपटॉपसमोर उभी होती. ओठ हलवत वाचत होती.

"साचा आहे गं, सरावाचा." तिना घाईने म्हणाली. "चौकट रिकामी सोडता येत नाही. पुसते मी, लगेच पुसते."

"हात लावू नकोस."

आईने काचेवर, त्या तारखेवर बोट टेकवलं. बराच वेळ तिथेच ठेवलं. बोट स्थिर होतं.

"अठरा नाही, सतरा," आई म्हणाली. "तू परीक्षेला खाली शहरात, रांतेपाओला होतीस. तुला दुसऱ्या दिवशी सांगितलं."

तिनाने आकडा बदलला. पान जतन झालं.

"काकांना निरोप दे, अंत्यविधीसाठी बळीचे रेडे बघायला घ्या म्हणावं." आईने हात पुसले. "आजपासून बाबांना आजारी म्हणायचं नाही."