स्तोत्रात नसलेली ओळ

"बाबा, आज ती शेवटची ओळ घ्या," कीबोर्डची वायर खोचता खोचता मुलगी दबक्या आवाजात म्हणाली. "आजीसाठी तरी."

"ती ओळ स्तोत्रात नाही."

"मला सांगताय? तुमच्याच घरात वाढलेय मी."

प्रार्थनागृह भरत आले होते. समोर फुलांमध्ये त्याच्या पत्नीची शवपेटी होती, झाकण लावलेली. पहिल्या रांगेत तिची म्हातारी आई बसली होती. लेकीच्या चष्म्याचे घर तिने मुठीत घट्ट धरले होते. ते तिच्या हातात कोणी दिले, कोणास ठाऊक.

"तुझ्या आईने सांगितलंय," तो म्हणाला. "माझ्या वेळी ते मालिकेतलं गाणं नको. तुमचं वाचा, म्हणाली."

"आईला आवडायचं ते गाणं. हॉस्पिटलात शेजारच्या बाई सारखं लावायच्या. आई गप्प ऐकत पडलेली असायची."

"बंद करा म्हणायची ताकद नव्हती तिच्यात."

मुलीने आवाजाचे बटण उगीचच थोडे फिरवले, पुन्हा जागेवर आणले.

"आईला आता ऐकू येणार नाहीये, बाबा. आजीला येतंय."

तेवढ्यात मेव्हणा आला आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "दाजी, पाच मिनिटं हं. त्या हिब्रूत शिरू नका. तुम्ही एकदा आत उतरलात की बाहेर काढायला आम्हाला दोर सोडावा लागतो. ताई असती तर तिनं खोकून थांबवलं असतं."

"नाही शिरत," तो म्हणाला. तिचे ते खोकणे त्या क्षणी त्याला अगदी स्पष्ट ऐकू आले.

त्याचे सारे तारुण्य या एका स्तोत्रात गेले होते. बायबलमधली इतर विलापगीते कितीही खोल बुडाली तरी बहुतेक अखेरीस उजेडाकडे वळतात. हे वळत नाही. हाक मारणारा हाक मारत राहतो, उत्तर येत नाही, आणि जिथे थांबायचे तिथे अंधारच असतो. शतकानुशतके लेखनिकांनी ते उतरवून घेतले. आशेची एखादी ओळ जोडावी असे त्यांतल्या कित्येकांच्या हाताला वाटले असेल, पण कोणी जोडली नाही. त्या आवरलेल्या हातांविषयी त्याने एक पुस्तक लिहिले होते. त्याच्या प्रती अजून घरात पलंगाखाली होत्या. त्यातला त्याचा मराठी अनुवाद मात्र एका मालिकेने शीर्षकगीतासाठी उचलला, आणि संगीतकाराने चाल बांधता बांधता अखेरीस स्वतःची एक ओळ जोडून दिली. त्यासाठी त्याला एक दुपारसुद्धा लागली नसावी.

पाळकांनी मान हलवून खूण केली. तो आपले पुस्तक घेऊन उठला.

पहिल्या दोन ओळी वाचून होतात तोच त्याच्या लक्षात आले की समोरचे ओठ हलत आहेत. रांगेमागून रांग, पुटपुटत, त्याच्यासोबत. त्याचे शब्द लोकांना पाठ होते. असा श्रोता त्याने आयुष्यभर मनात बाळगला होता, आणि आता तो समोर होता. नजर वर करण्याचे धैर्य मात्र त्याला झाले नाही. तो संथपणे वाचत राहिला. रात्रंदिवस मारलेली हाक. दूर केलेली माणसे. न आलेले उत्तर. मग शेवटचा शब्द आला, आणि तो थांबला.

त्याने पुस्तक मिटले नाही. तिला दिलेला शब्द त्याने पाळला होता. ही शांतता तिची होती. ती थोडा वेळ तशीच राहावी, एवढीच त्याची इच्छा होती.

पण समोर कोणी श्वास सोडला नाही. ओठ अर्धवट उघडे राहिले. कोणीतरी घसा साफ केला. पहिल्या रांगेतली म्हातारी पुढे झुकली आणि मान किंचित हलवू लागली, पायरीशी अडखळलेल्या मुलाला पुढे बोलवावे तशी.

त्याने मुलीकडे पाहिले. मुलीने आधी त्याच्याकडे पाहिले, मग आजीकडे. मग तिने बोटे पट्ट्यांवर ठेवली.

चार सूर पुरेसे होते. मालिका सुरू होताना घराघरांत वाजणारी ती धून साऱ्या प्रार्थनागृहात एकदम पसरली. "पण पहाट होईल, आणि दारात तू उभा असशील." म्हातारीचा आवाज सर्वांत आधी लागला, फाटका पण सुरात. मेव्हणा डोळे पुसत गात होता. पाळक गात होते. ओळ दुसऱ्यांदा घेताना तर मागच्या रांगेतून कोणी वरच्या पट्टीतही साथ दिली, मालिकेत देतात तशी. तो उघडे पुस्तक धरून उभा होता आणि शवपेटीकडे पाहणे टाळत होता.

सूर विरले. बाकांवर लोक सैलावून बसले, एकमेकांचे हात दाबू लागले. ती ओळ गाऊन सर्वांनाच बरे वाटले होते, हे त्याला दिसत होते.

म्हातारी उठली. बाकाचा आधार घेत त्याच्यापर्यंत आली आणि त्याचा हात तिने आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"विसरलात ना, जावईबापू?" ती म्हणाली. "असू द्या. अशा वेळी माणसाला स्वतःचं नावसुद्धा आठवत नाही. आम्ही होतो ना सगळे."

तिच्या खांद्यावरून त्याने पलीकडे पाहिले. मुलगी पट्ट्यांवरून नजर उचलत नव्हती.

"हो, आई," तो म्हणाला. "विसरलो."