न झालेलं भांडण

सून भांडत नव्हती, हीच कुंभारीणआजीची तक्रार होती.

घरात टीव्ही आला आणि सुनेची जीभ गेली. पूर्वी आजीनं एक सुनावलं की सून दोन ऐकवायची. आवाज चार घरं पलीकडे जायचा, आणि त्या आरडाओरड्यातच माती किती मळायची, काठ किती जाड ठेवायचा, हे सुनेच्या डोक्यात उतरायचं. आता आजीनं तोंड उघडलं की सून मालिकेतल्या सुनेसारखी भिंतीकडे वळायची, मान तिरकी करायची आणि डोळ्यांतून एक थेंब काढायची. एकच! दुसरा येईपर्यंत आजीनं ताटकळत उभं राहायचं.

"हिला बोलून मीच वाईट ठरते गं," ती शेजारणीजवळ करवादली.

"तुम्हीपण मालिका बघा," शेजारीण म्हणाली. "तिथली सासू ओरडते का कधी? नुसती हसते. सून आपोआप तोंडावर पडते."

आजीनं आठ दिवस मालिका बघितली. नाकं मुरडत बघितली, पण एकही भाग चुकवला नाही.

रोपवाटिकेला सोमवारी दोनशे कुंड्या द्यायच्या होत्या. दोघींची महिनाभराची मेहनत. सुनेनं पहिल्यांदाच एकटीनं भट्टी रचली. आजी समोर ओट्यावर बसून गालातल्या गालात हसत होती. सुनेला वाटलं, चला, म्हातारी खूश आहे.

जाळ धरला आणि थोड्याच वेळात आतून फटफट आवाज यायला लागले. भट्टी निवल्यावर उघडली, तर जेमतेम साठ कुंड्या धड. बाकीच्यांची खापरं.

या वेळी सून भिंतीकडे वळली नाही. डोळे, नाक, सगळं एकदम वाहत होतं. "आई, ओरडा ना!" ती म्हणाली. "कुठं चुकलं ते तरी सांगा!"

शेजारीणसुद्धा कान टवकारून दारात आली. आजीनं एक खापर उचललं, उलटसुलट केलं.

"कुंडी रचायच्या आधी गालाला लावायची," ती म्हणाली. "गार लागली तर आत ओल असते. ती भट्टीत फुटतेच. हे तुला कोणी सांगितलं नव्हतं. तू ओल्या कुंड्या रचत होतीस, मला ओट्यावरून दिसत होतं, आणि मी हसत बसले. भट्टी मी फोडली, पोरी."