ढोल की कापूस

घरच्या मैदानावर मामाने चार सामने ढोल बडवला आणि भाच्याचा फुटबॉल संघ चारही हरला. पाचव्या सामन्याला मामा तापाने घरी पडून होता, तर संघ जिंकला. तेव्हापासून त्याच्या सलूनमध्ये वाद पेटला होता. "तुझ्या ढोलाने आपलीच पोरं गांगरतात," शिंपी म्हणाला. "आरडाओरडा हवाच! स्मशानात खेळायचंय का?" वायरमन उसळला. मामाचं डोकं चक्रावलं. त्याने खुर्चीतल्या भाच्यालाच विचारलं, "गोलकीपर तू. सांग, ढोल आणू की नको?" साबण फासलेला भाचा ओशाळला. "मला कुठे ऐकू येतो, मामा? मी कानांत कापूस घालून खेळतो." "मग त्या दिवशी जिंकलात कसे?" "कापूस नव्हता, म्हणून आपल्या पोरांच्या हाका ऐकू आल्या." "का नव्हता?" "तुझं सलून बंद होतं ना! इथूनच तर नेतो." आता ढोल लपवावा की कापूस, मामाला काही कळेना.