गडग्याचा दगड

अमिरातीतल्या रास अल खैमाच्या डोंगरावर, खुरट्या झुडपांच्या आड, जुन्या शेतांच्या दगडी पायऱ्या अजून शाबूत होत्या. इथे कधीकाळी कसलं पीक निघायचं हे शोधायला आभा मातीचे नमुने घेत होती. भूशास्त्राची पदवी हातात पडून तिला वर्षही झालं नव्हतं.

गाडी चालवणारा सुदेश संगमेश्वरचा. अठरा वर्षांची नोकरी संपवून तो उद्या कायमचा गावी चालला होता.

"मॅडम, हा तर आमच्या गावच्यासारखाच गडगा!" एका जागी ढासळलेली, नुसते दगड रचून केलेली भिंत बघून तो म्हणाला. पडलेला दगड दिसला की उचलून जागेवर ठेवायचा, ही त्याची गावची सवय. त्याने दगड भगदाडाशी नेला. दगड आपसूक आत सरकला आणि घट्ट बसला.

आभाने वाकून पाहिलं. भिंतीमागे नुसती डोंगराची भरीव माती होती.

तेवढ्यात आतून टकटक झाली.

"एकाने दगड द्यायचा, दुसऱ्याने बसवायचा. पुढचा हवा असला की असंच वाजवतात," सुदेशचा आवाज मऊ झाला. "आतला एकटाच पडलाय बिचारा."

"सुदेशदादा, यल्ला, निघू या. उद्या फ्लाइट आहे तुमची."

"एवढा एकच देतो."

त्याने दगड आत दिला. तो बसल्याचा आवाज आला, पण सुदेशचा हात मनगटापर्यंत भिंतीतच राहिला. आभाने त्याचा खांदा धरून जोरात ओढलं.

"ओढू नका, मॅडम," तो हळूच म्हणाला. "दुखत नाहीये. नुसता धरून ठेवलाय."