लाल ठिपका

सुताराच्या बायकोने पिशवीतून तुटलेला हात काढला आणि वर्कशॉपच्या टेबलावर ठेवला. करड्या प्लास्टिकचा कृत्रिम हात, थ्री-डी प्रिंटरवर थरावर थर चढवून बनवलेला. अंगठा मुळापासून गेला होता. तो तिने वेगळा, रुमालात बांधून आणला होता.

तुटल्या जागी आतली जाळी दिसत होती. हात बनवणाऱ्या पोरीने ती पाहिली आणि तिला कळलं. सुताराचा हात भरीव होता. महिनाभर चाचणीला त्याने तोच वापरला होता. हा पोकळ होता.

दारावरच्या पाटीवर ‘मेकरस्पेस’ लिहिलेलं असलं तरी विद्यापीठात सगळे त्या खोलीला वर्कशॉपच म्हणत, आणि वर्कशॉपचा एक नियम होता. नुसता दाखवायचा नमुना पोकळ छापायचा, म्हणजे झटपट उरकतो, आणि त्याच्यावर लाल ठिपका द्यायचा. कारण बाहेरून पोकळ काय नि भरीव काय, अगदी जुळे भाऊ. नियम वर्कशॉपच्या मास्तरांचा. कुठे लिहून लावलेला नव्हता. पण बिनठिपक्याचा नमुना सापडला की ते हातोडीने जागच्या जागी फोडत. मग तो कुणाचाही असो, कितीही गयावया करा.

प्रदर्शनाच्या दिवशी मास्तर रजेवर होते. मोठे पाहुणे येणार, फोटो निघणार. पोरीचे मार्गदर्शक सर म्हणाले, हे गोवर उठल्यासारखं काय दिसतंय, पुसून टाक सगळं. पोरीने स्पिरिटच्या बोळ्याने ठिपके पुसले. टेबलावर सुताराचा हात आणि त्याचा पोकळ नमुना शेजारी शेजारी होते; टाळ्यांच्या गजरात सरांनी त्यांतला जवळचा उचलून सुताराला दिला. त्याने तो सगळ्यांसमोर चढवला, पाहुण्यांशी हस्तांदोलन केलं आणि खुशीत घरी गेला. उरलेला हात पोरीने कपाटात ठेवून दिला. बघितलंसुद्धा नाही कोणता ते.

बायको भांडायला आली नव्हती. तेच तर वाईट. खालच्या आवाजात, घरातलं काहीतरी सांगावं तसं तिने सांगितलं. नवऱ्याला कितीतरी दिवसांनी काम मिळालं होतं, दाराची चौकट बसवायचं. शिडी जराशी सरकली. त्याने या हाताने शिडीची पायरी धरली आणि अंगठा निघून आला. नऊ दिवस दवाखान्यात होता, शेवटपर्यंत शुद्धीवर. जाण्याच्या आदल्या दिवशी म्हणाला, तो हात परत नेऊन दे, त्या पोरीला अभ्यासाला लागेल.

“पण एकच घोकत राहिले,” ती म्हणाली. “जन्म शिडीवर गेला माझा आणि साधं धरता आलं नाही. ताई, तुम्ही शिकलेल्या आहात. त्यांचं काय चुकलं तेवढं मला सांगा.”

सर घसा साफ करत पुढे झाले. फार वाईट झालं, असं दोनदा म्हणाले. मग म्हणाले, हा हात हलक्या कामासाठी होता, शिडीचा उल्लेख सूचनांमध्ये नव्हता, चूक अशी कुणाचीच नाही. बायको मान हलवत ऐकत होती. तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे.

मग त्यांनी पोरीला खिडकीशी नेलं. जाळी त्यांनीही पाहिली होती. परवा परिषद होती. तिथे पोरीचा निबंध वाचला गेला की पुढच्या संशोधनाची जागा पक्की. तीन वर्षं तिने त्यासाठी घासली होती. सर म्हणाले, निबंधात एवढंच टाक, सहभागी व्यक्तीने माघार घेतली. असं लिहितातच.

माघार! माणूस जिवानिशी गेला आणि यांच्या कागदावर त्याने माघार घेतली.

तिकडे मास्तरांनी लेथ बंद केलं. टेबलापाशी येऊन त्यांनी तुटका हात उचलला, उलटा केला, मनगटाच्या आत पाहिलं, बोटांच्या मध्ये पाहिलं. ठिपका कुठेच नव्हता. त्यांनी पोरीकडे पाहिलं आणि हात जिथल्या तिथे ठेवला.

पोरीने कपाट उघडलं. आतला हात आणून तिने तुटक्या हाताशेजारी ठेवला.

“काकू, त्यांचं काहीच चुकलं नाही. त्यांचा हात हा होता. त्यांना दिला तो पोकळ होता, नुसता दाखवायचा. ओळखायला त्याच्यावर खूण होती. ती मी पुसली.”

सरांनी तिला दरडावून हाक मारली. मग टेबलावरचे आपले कागद गोळा केले आणि ते बाहेर निघून गेले.

पोरगी तशीच उभी राहिली. या बाईने आता शिव्या द्याव्यात, एक थोबाडीत ठेवून द्यावी, असं तिला अगदी मनापासून वाटत होतं. बाईने तसलं काही केलं नाही. तिने भरीव हात उचलला. मग दुसऱ्या हातात तुटका घेतला. भाजीवालीसमोर दोन कोबी तोलून बघावेत तसे तिने ते दोन्ही जरा खालीवर केले. पुन्हा केले. मास्तरांनी तिच्यामागे स्टूल सरकवलं, पण ती बसली नाही.

“ते म्हणाले होते,” ती म्हणाली. “घरी आले त्याच दिवशी. अगं, हा हलका लागतोय, आधीचा असा नव्हता, एकदा जाऊन दाखवून येतो.”

दोन्ही हात तिने छातीशी धरले होते.

“मीच म्हटलं, एवढ्या मायेने केलाय त्या पोरीने. उगाच खोड काढू नका.”